नाशिक ते बेळगाव : एका जुन्या गाडीसाठी

२०२३ सालच्या भाऊबिजेची गोष्ट. जेवणे आटोपल्यावर माझा पुतण्या खुर्ची ओढून जवळ बसला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, ही गाडी ओळखता का?"

चित्रात लाल रंगाची, जमिनीला जवळजवळ टेकलेली, दोनच आसनांची आणि बिनछपराची मोटार होती. मी चष्मा लावला आणि क्षणभर पंचवीस वर्षे मागे गेलो. ती 'सॅन स्टॉर्म' होती. १९९८ च्या सुमारास गोव्यात तयार होऊ लागलेली ही भारतीय स्पोर्ट्स कार. फायबरग्लासचे अंग, दुमडता येणारा कापडी टप आणि रेनॉ कंपनीचे सुमारे बाराशे सीसीचे इंजिन अशी तिची बांधणी. ताकद साधारण साठ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या एखाद्या लहान कौटुंबिक गाडीहूनही कमी. पण तिचे रूप असे की रस्त्यावरचा माणूस थांबून पाहत राही. ती फारशी खपली नाही आणि काही वर्षांतच दिसेनाशी झाली. त्या काळी मी बँकेच्या एका शाखेत कर्ज विभागात होतो आणि माझ्याकडे स्कूटर होती. वर्तमानपत्रातले या गाडीचे चित्र कापून मी डायरीत ठेवले होते, ही गोष्ट मी घरात कधी कोणाला सांगितली नव्हती.

पुतण्याचे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लहानसे युनिट आहे. त्याने दोन वर्षे थोडी थोडी रक्कम बाजूला टाकून या गाडीसाठी पैसे साठवले होते. विक्रेता बेळगावचा. ओळख फक्त फोनवरची, तीही चार दिवसांची. त्याने सोळा छायाचित्रे आणि इंजिन सुरू असल्याची एक चित्रफीत पाठवली होती. किंमत चार लाख पंच्याहत्तर हजार. "अर्धी रक्कम आधी पाठवा, गाडी ट्रकवर चढवतो, उरलेली गाडी पोहोचल्यावर. कागद कुरिअरने येतील," असे त्याचे म्हणणे. पुतण्याने दहा हजार रुपये बयाणा पाठवूनही टाकला होता. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा बोलका होता.

मी म्हणालो, "आता पुढचा रुपया पाठवू नकोस. आपण बेळगावला जाऊ. नुसत्या छायाचित्रावर कर्ज मंजूर करण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती."

निघण्यापूर्वी जे घरबसल्या पाहता येते ते पाहून घेतले. शासनाच्या 'एम-परिवहन' ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, नोंदणीची मुदत, विमा आणि तारणाची नोंद कळते; मालकाच्या नावातली काही अक्षरे मात्र झाकलेली असतात. गाडी २००० सालची, क्रमांक बेळगावचा म्हणजे केए २२. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. या गाडीची नोंदणी २०२५ पर्यंत वैध होती. कर्जाचा बोजा नव्हता. विमा मात्र संपलेला. पुतण्याला वाटत होते की गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली असावी लागतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही केवळ एक जुनी गाडी.

नोव्हेंबरच्या अखेरीस पहाटे साडेचारला आम्ही त्याच्या नेहमीच्या गाडीने निघालो. सिन्नर ओलांडेपर्यंत अंधार होता. संगमनेरजवळ चंदनापुरी घाटात उजाडले. नारायणगावात चहा झाला, पुण्याचा वळसा घेतला, खंबाटकी घाट चढलो, आणि साताऱ्यापुढे दोन्ही बाजूंना उसाचे हिरवे पट्टे सुरू झाले. कऱ्हाडनंतर ऊस भरलेले ट्रॅक्टर वाट अडवू लागले. कोल्हापुरात दुपारचे जेवण घेतले. दसऱ्याला जिथे संस्थानची १९३६ सालची मेबॅक मोटार अजूनही दिमाखात बाहेर काढतात, त्या गावात जुन्या गाडीच्या वेडाची थट्टा करण्याचे धाडस मला झाले नाही. निपाणी लागली, पाट्यांवर कन्नड अक्षरे दिसू लागली आणि बोलण्यातली मराठी मात्र तशीच सोबत राहिली. साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर झाले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाहिली. चित्रांत दिसली होती त्याहून ती लहान होती, आणि खरे सांगायचे तर अधिक सुंदर. पण फायबरग्लासला गंज चढत नाही, तो चढतो खालच्या पोलादी सांगाड्याला. आणि बेळगावचा पाऊस प्रसिद्ध आहे. उद्यमबागेतला एक वयस्क मेस्त्री आम्ही सोबत घेतला होता. त्याने गाडी उचलून घेतली, हातोडीने ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाला, "दोन जागी वेल्डिंग करावं लागंल. बाकी सांगाडा भक्कम हाय." टप फाटका होता. त्या बाजूचे छायाचित्र सोळांमध्ये नव्हते. चॅसी आणि इंजिन क्रमांकांचे पेन्सिल ठसे घेतले, ते आरसी बुकाशी जुळले. इथवर सारे ठीक होते.

मग कागद मागितले. विक्रेत्याने नमुना २९ आणि नमुना ३० समोर ठेवले. पहिला म्हणजे मालकी बदलल्याची सूचना, दुसरा हस्तांतरणाचा अर्ज. दोन्हींवर मालकाची सही होती; तारखेची जागा कोरी होती. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कोरी तारीख दिसली की पुढचे अक्षर वाचवत नाही.

"यांना भेटता येईल का?" मी विचारले.

"ते बाहेरगावी असतात, साहेब. सही तर आहे ना?"

"तुमचे अधिकारपत्र?"

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेणे अपेक्षित आहे. ते पाच वर्षांसाठी मिळते. मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की तशी सूचना सरकारदरबारी नोंदवायची आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी विक्रेत्याकडे जाते, अशी ती व्यवस्था आहे. हे अधिकारपत्र त्याच्याकडे नव्हते. तो हसून म्हणाला, "इथं सगळे असंच करतात, साहेब."

आरसी बुकावर पत्ता टिळकवाडीचा होता. आम्ही तिथे गेलो. एका जुन्या बंगल्याचे दार साठीच्या एका बाईंनी उघडले. "या की आत, उन्हातनं आलासा," म्हणत त्यांनी पंखा लावला. समोरच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेले छायाचित्र होते. नाव विचारण्याची गरज राहिली नाही.

त्यांच्या यजमानांनी ऑगस्टमध्ये, आजारपणात, गाडी विकायला काढली होती. विक्रेत्याने रुग्णालयात जाऊनच सह्या घेतल्या. सप्टेंबरच्या शेवटी ते गेले. "त्यांची सही हाय म्हणजे सगळं झालं, असं ते म्हणाले मला," बाई सांगत होत्या. गाडीचे तीन लाख येतील असे त्यांना सांगितले होते. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी चहाच्या कपाकडे पाहिले.

वाचकांनी हे नीट समजून घ्यावे. मालकाच्या मृत्यूनंतर त्याची आधीची सही वापरून, तारीख मागाहून भरून केलेले हस्तांतरण हे हस्तांतरण नव्हे. मृत्यूची माहिती वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायची असते आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. त्यानंतरच तो वारस ती विकू शकतो. नाव बदलले नाही तर काय होते? अपघातासारखा प्रसंग आला की कागदावर ज्याचे नाव, त्यालाच कायदा मालक धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात हे स्पष्ट केले आहे. म्हणजे पुतण्या नाशिकला गाडी चालवणार आणि एखाद्या दिवशी नोटीस टिळकवाडीतल्या या दारावर येणार.

हे मी बाईंना सोप्या शब्दांत सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गाडी गॅरेजातनं गेली तवा मी बाहेर आले न्हाई. आता परत आणायची म्हंता का?"

"नाही. कागद मात्र आधी तुमच्या नावाने होऊ द्या."

त्या दुपारी आम्ही किल्ल्यातली कमलबसदी पाहिली. सभामंडपाच्या छतातून खाली झुकलेले ते दगडी कमळ पाहताना पुतण्याचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. बाहेर पायरीवर बसल्यावर तो म्हणाला, "काका, बाईंशी थेट व्यवहार केला तर? त्यांना साडेतीन देऊ. त्यांचे पन्नास हजार वाढतील, माझा सव्वा लाख वाचेल. त्या माणसाने आपल्याला फसवलेच होते की."

हिशेब बरोबर होता. मला एकदम उत्तर सुचले नाही. विक्रेत्याबद्दल माझ्या मनातही राग होता. पण गाडी आम्हांला दाखवली त्यानेच. त्याच्याशिवाय नाशिकच्या माणसाला टिळकवाडीतले हे गॅरेज कळलेच नसते. शिवाय त्याला आडवळणाने बाजूला सारले असते तर त्याच्या वागण्यात आणि आमच्या वागण्यात अंतर किती उरले असते? मी म्हणालो, "त्याने चूक केली ती कागदांत आणि लपवण्यात. ती त्याला तोंडावर सांगू. पण त्याची दलाली आपण खायची नाही."

संध्याकाळी विक्रेत्याकडे गेलो. मी आवाज चढवला नाही. एवढेच म्हटले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. तेव्हा प्रकरण नाशिकच्या आयोगासमोर उभे राहील आणि बेळगावहून तारखांना यावे लागेल ते तुम्हांला. पण तक्रार करण्याची आमची इच्छा नाही. उद्या तिघे एकत्र बसू, आणि तुम्ही सांगितलेली किंमत बाईंना तुमच्याच तोंडाने सांगा.

तो रात्रभर विचार करून सकाळी आला. बाईंच्या दिवाणखान्यात, त्या छायाचित्रासमोर बसून त्याने आकडा सांगितला. खाली पाहूनच सांगितला, पण सांगितला. सांगाड्याचे काम आणि फाटका टप धरून किंमत चार लाख चाळीस हजार ठरली. बाईंना तीन लाख नव्वद हजार, विक्रेत्याला पन्नास हजार. कागदांची सारी धावपळ त्याने करायची आणि बयाणा किमतीत वळता करायचा. मी साध्या कागदावर करार लिहिला, चौघांनी सह्या केल्या. तारीख पहिल्यांदा मी घातली.

पुढचे साडेचार महिने संयमाचे होते. दोन मुलींच्या संमती आल्या, एक पुण्याहून, एक परदेशातून. गाडी बाईंच्या नावावर झाली. मग २९ आणि ३० नमुने नव्याने भरले, दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी नमुना २८ चा ना हरकत दाखला निघाला. विक्रेत्याने हेलपाटे घातले हे मान्य केले पाहिजे. पूर्ण रक्कम बाईंच्या खात्यात बँकेमार्फत जमा झाली आणि विमा नव्याने उतरवला, तेव्हाच आम्ही २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बेळगाव गाठले. या वेळी बसने.

परतीला पुतण्या चालवत होता आणि मी शेजारी बसलो. टप उघडा ठेवण्याची हौस निपाणीपर्यंत टिकली. नंतर ऊन आणि ट्रकचा धूर यांनी आम्हांला शहाणे केले. गाडी खडखडत होती, बोलणे ओरडून करावे लागत होते, आणि खंबाटकीत एका बसने आम्हांला सहज मागे टाकले. तरीही पुण्याजवळ पेट्रोल भरताना पंपावरचा मुलगा बोनेटवरून हात फिरवून विचारू लागला, "काका, फॉरेनची आहे का?" मी अभिमानाने सांगितले, "नाही. गोव्याची."

नाशिकला आल्यावर आजीवन कर भरला, नवा एमएच १५ क्रमांक मिळाला. पंधरा वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर २०२५ च्या नूतनीकरणाच्या वेळी द्यावा लागणार, हे मी पुतण्याला तेव्हाच लिहून दिले. सूनबाईंचा राग पहिल्या फेरीत, गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, अर्धा उतरला. उरलेला अर्धा अजून आहे, आणि तो योग्यही आहे.

दूरच्या माणसाकडून मोबाईलवर वस्तू घेणे चूक नाही. आता व्यवहार असेच होणार. पण मोठी रक्कम देण्यापूर्वी ज्याची सही आहे त्याला एकदा तरी भेटावे, त्याच्या दारापर्यंत जावे. आमचा प्रवासखर्च बारा-तेरा हजारांचा झाला. तेवढ्यात आमची रक्कम वाचली, आणि टिळकवाडीतल्या एका घराला नव्वद हजार रुपये मिळाले, जे त्यांचेच होते.

नव्या क्रमांकाच्या गाडीचे छायाचित्र पुतण्याने बाईंना पाठवले. दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले : "टप शिवून घ्या. पाऊस येईल." आम्ही त्याच आठवड्यात शिवून घेतला.