कोकण डान्स

१९७२ साली लंडनमध्ये 'कोकण डान्स' नावाची एक रेकॉर्ड तयार झाली होती. आमच्या मालवणात हे कुणाच्या गावीही नव्हतं. असणार कसं? ती बाजारात आली थेट २००६ साली!

रेकॉर्ड होती गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वाची. जन्म १९३६, मुंबई. घराणं गोव्याचं, म्हणजे तेरेखोलच्या पलीकडचं. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्याचं वाजवणं ऐकून त्याला गिब्सन गिटार घेऊन दिली, असं सांगतात. (आमच्याकडे दशावतारात खूश झालेला प्रेक्षक राजाच्या हातात नोट ठेवतो. इथे उलटं.)

१९६७ला स्वारी लंडनला गेली. डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने त्याला हेरलं आणि १९६९मध्ये दोन रेकॉर्डी झाल्या. 'इंटिग्रेशन', आणि जमैकाचा सॅक्सोफोनवाला जो हॅरियट याच्या जोडीने 'हम दोनो'. एक जमैकाचा, एक गोंयकार, गाव लंडन आणि नाव हिंदी! ब्लूजवाले तार ओढून सूर वाकवतात, आपण त्याला मींड म्हणतो. अमान्सिओच्या गिटारीत ह्यातलं काय कुठे संपतं ते मला अजून सांगता येत नाही. जॅझ म्हणून दुकानदार एका खणात ठेवतात, एवढंच. 'हम दोनो'त 'बॅलड फॉर गोवा' आहे आणि मुलाच्या नावाचा 'स्टेफानोज डान्स'सुद्धा. हा स्टेफानो पुढे गिटारवादकच झाला. रेकॉर्डींना नाव मिळालं, खप मात्र बेताचाच. मूळ एलपी आज हाती लागणं कठीण.

मग 'कोकण डान्स'. सतारीला क्लेम अल्फर्ड, तबल्याला आपले मुंबईचे केशव साठे. सगळं वाजवून झालं, टेप तयार, आणि राहिली पडून. आमच्या धंद्यात रिलीज न झालेला कोड दोन वर्षांत मरतो, कुणी रडत नाही. गाणं तसं मरत नाही, पण वाजवणारा मरतो. हॅरियट १९७३लाच गेला. अमान्सिओ १९९६ला.

म्हणजे चोवीस वर्षं हा माणूस जिवंत होता आणि त्याच्या गावकिनाऱ्याच्या नावाची रेकॉर्ड कुणाला दाखवायला त्याच्याकडे नव्हती. पुढची दहा वर्षं तर तोही नव्हता.

खरं सांगायचं तर मला 'हम दोनो' जास्त आवडते. पण 'कोकण डान्स' मी जास्त वेळा लावतो. शिमग्याचे ढोल शोधायला जाल तर निराश व्हाल बरं का. रात्री, पंखा बंद करून ऐका.