एक खरी दंतकथा

आपल्या भाषेने दातांना जेवढे राबवून घेतले आहे, तेवढे शरीराच्या दुसऱ्या अवयवाला क्वचितच राबवले असेल. रागावलेला माणूस दातओठ खातो, शरण आलेला दाती तृण धरतो, गरजवंत दाताच्या कण्या करतो आणि कंजूष मनुष्य दात कोरून पोट भरू पाहतो. इतकी सेवा करूनही दात हा अवयव आपल्याकडे उपेक्षितच राहिला. डोळा दुखू लागला तर तो वाचवण्यासाठी आपण धावाधाव करतो. बोट ठणकते म्हणून ते छाटावे असे कोणी सुचवीत नाही. दाढ दुखली की मात्र ‘काढून टाका’ हे दोन शब्द अगदी सहज तोंडातून निघतात. बत्तिसांतून एक गेला तर एकतीस उरतात, असा हा सरळ वजाबाकीचा हिशेब.

हा हिशेब किती फसवा आहे ते मला आमच्या काकांच्या जबड्याने शिकवले. काका बेळगाव भागातील एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवीत. निवृत्तीनंतर चातुर्मासात गल्लीतील देवळात रोज सायंकाळी पोथी वाचण्याचे काम त्यांच्याकडे आले. आवाज खणखणीत, उच्चार नाण्यासारखे स्वच्छ. परंतु साठीच्या सुमारास हिरड्यांच्या विकाराने दातांची मुळे धरून ठेवणारे हाड झिजू लागले आणि एकेक दात हलू लागला. हलला की दुखे, दुखला की निघे. काका हसून सांगत, की त्यांच्या पिढीत दंतवैद्याकडे जाण्याचे कारण एकच असे आणि तेथून परतण्याची रीतही एकच: ओठांत कापसाचा बोळा व तोंडात एक दात कमी.

दाढा गेल्या तेव्हा जेवणाचीच काय ती पंचाईत झाली. भाकरी आमटीत कुस्करून, शेंगा कुटून, ऊस वर्ज्य असे चालले. बेळगावच्या कुंद्याला दात लागत नाहीत, एवढेच त्यातले समाधान. पण वरचे समोरचे दात गेले आणि संकट भाषेवर आले. त, थ, द, ध, न हे आपले दंत्य वर्ण. जिभेचे टोक दाताला टेकल्यावाचून ते नीट उमटत नाहीत. ‘व’ला खालचा ओठ आणि वरचे दात अशी दोघांची साक्ष लागते. शिवाय चूल, चाक, झाड यांतले मराठीचे खास दंततालव्य उच्चार आहेतच. ज्याने पस्तीस वर्षे मुलांकडून हे भेद घोटून घेतले, त्याच्याच तोंडून ‘दत्त’ म्हणताना वारा सुटू लागला. पुढच्या रांगेत बसणारी लहान मुले फिसकन हसत. एका श्रावणात काकांनी घसा बसल्याचे कारण सांगितले आणि पोथी दुसऱ्याच्या हाती दिली. घसा काही बसलेला नव्हता. घरातही ते हळूहळू मानेनेच बोलू लागले. काकूंना त्याचे फार वाईट वाटे.

कवळी बसवण्याचा आग्रह काकूंचाच. २००९ साली मी काकांना घेऊन दंतवैद्यांकडे गेलो. कवळी म्हणजे बाजारातून आणून तोंडात ठेवायची वस्तू, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यासाठी पाच-सहा खेपा घालाव्या लागल्या. प्रथम हिरड्यांचे माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात. मग मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून वरचा व खालचा जबडा एकमेकांवर कसे मिटतात ते ठरवतात. त्या मेणात दात रोवून एक कच्ची कवळी तयार होते. ती रुग्णाला घालून पाहतात, आणि सर्व मनासारखे झाल्यावरच मेणाच्या जागी हिरडीच्या रंगाचे अॅक्रिलिक येते.

त्या मेणाच्या कवळीच्या दिवशी काकांनी आपल्यातला मास्तर बाहेर काढला. डॉक्टर आरसा दाखवून विचारीत होते, “आजोबा, दिसायला ठीक आहे ना?” काका म्हणाले, “दिसण्याचे राहू द्या हो. आधी माझा तवर्ग तपासा.” आणि खुर्चीत ताठ बसून त्यांनी वर्णमाला म्हणायला आरंभ केला. डॉक्टरांची मातृभाषा कानडी; पण क, च, ट, त, प ही वर्गांची उतरंड दोन्ही भाषांची एकच आहे. तेही बरोबर म्हणू लागले. ‘व’पाशी आणि ‘स’पाशी काका अडखळले, तेव्हा डॉक्टरांनी वरचे समोरचे दात गरम हत्याराने मेणात किंचित आत सरकवले, पुन्हा म्हणायला लावले, पुन्हा सरकवले. अर्धा तास हा पाठ चालला होता. बाहेर बसलेल्या रुग्णांना आत शाळा भरल्यासारखे वाटले असेल.

कवळी आली म्हणून लगेच वाणी आली असे मात्र झाले नाही. पहिले पंधरा दिवस तोंडात खडे असल्यासारखे वाटे, लाळ सुटे, खालची कवळी जिभेच्या हालचालीने उचलली जाई. वरच्या कवळीला सबंध टाळूचा आधार असतो. खालची बिचारी नालेच्या आकाराच्या अरुंद कड्यावर बसते, म्हणून तीच अधिक छळते. डॉक्टरांनी रोज मोठ्याने वाचण्याचा सल्ला दिला होता. काका सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख गच्चीवर उभे राहून वाचीत. पुढच्या आषाढात पोथी त्यांच्याकडे परत आली.

कवळीला आपण हसतो. पण तिचा पूर्वेतिहास ऐकला तर तिच्याविषयी आदरच वाटेल. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये शपथ घेतली तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचे हस्तिदंतासारखे दात आणि चक्क दुसऱ्या माणसांचे दात बसवलेले असत. एकोणिसाव्या शतकात कडक केलेल्या रबराच्या कवळ्या आल्या आणि ही सोय थोडी स्वस्त झाली. अॅक्रिलिक आले ते १९३० नंतरच्या दशकात.

तथापि कवळी ही पाहुणी आहे. दात गेल्यावर त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते वर्षानुवर्षे विरत जाते. हिरडीचा उंचवटा बसतो, कवळी सैल होते. काकांचेही तसेच झाले. दहा-बारा वर्षांत खालची कवळी बोलता बोलता खडखडू लागली. २०२४ मध्ये डॉक्टरांनी सुचवले, की खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवले तर त्यांवर कवळी बटणासारखी अडकेल. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू. ब्रोनेमार्क नावाचे स्वीडनचे शास्त्रज्ञ १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढू गेले, तर ती निघेना. हाड तिला जाऊन जडले होते. दातांशी ज्याचा काही संबंध नव्हता, अशा त्या प्रयोगातून १९६५ मध्ये योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाला दात मिळाले. २००६ साली तो वारला, तोपर्यंत ते त्याच्या जबड्यात टिकून होते. काकांना ही हकीकत अतिशय आवडली आणि निवृत्तिवेतनातून त्यांनी दोन इम्प्लांटपुरती रक्कम बाजूला काढली.

त्याच दिवाळीत त्यांच्या धाकट्या नातीची दाढ ठणकू लागली. मुलगी तेरा वर्षांची. दाढ कोणती, तर सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते ती. तिच्या जागी आधी काही पडलेले नसते, म्हणून पुष्कळ घरांत तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. दातावरचे इनॅमल हा आपल्या देहातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. पण ते एकदा झिजले की पुन्हा तयार होत नाही. कीड इनॅमलमध्ये किंवा त्याखालच्या थरात असतानाच दाखवले असते तर एका बैठकीत काम भागले असते. पूर्वी अशा खळग्यात चांदी भरीत. तिच्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो, म्हणून तिचा वापर आता कमी होत चालला आहे. त्याऐवजी दाताच्याच रंगाचे मिश्रण भरून निळ्या प्रकाशाने कठीण करतात. नातीची कीड मात्र त्याच्याही पुढे, दाताच्या गाभ्यातील नसेपर्यंत पोचली होती.

घरात दोन मते पडली. रूट कॅनाल आणि वर कॅप यांना बराच खर्च येणार; दाढ काढायला त्या मानाने काहीच नाही. मुलीच्या वडिलांची त्या वर्षी ओढाताण होती. ते म्हणाले, “काढून टाकू. पुढे बसवता येईल एखादी.” डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, की जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवीत नाहीत, आणि ब्रिज करायचा तर दोन्हीकडच्या निरोगी दातांना कानशीने घासावे लागते, या वयात तेही योग्य नाही. म्हणजे कित्येक वर्षे जागा रिकामी राहणार. तोपर्यंत शेजारचे दात त्या पोकळीत कलतात आणि समोरची दाढ तिच्यात उतरू पाहते.

काका ऐकत बसले होते. त्यांनी कवळी काढून हातात घेतली आणि दात नसलेल्या तोंडाने, जसे जमेल तसे, मुलाला म्हणाले, “हे बोलणे तुला नीट कळते का रे? नाही ना? मग तिची दाढ ठेव.” इम्प्लांटची रक्कम दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जमा झाली.

तीन बैठका झाल्या. डॉक्टरांनी भूल देऊन दाढेच्या माथ्याला भोक पाडले, सडलेली नस काढली, केसासारख्या बारीक कानशींनी मुळांतल्या नळ्या साफ केल्या आणि त्यांत गटापर्चा भरला. मलायाकडील एका झाडाच्या चिकापासून तो होतो. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या तारेवर त्याचेच वेष्टन होते, हे ऐकून नातीला आपल्या दाढेचा थोडा अभिमानही वाटला. नस काढलेला दात ठिसूळ होतो आणि चावताना तडकू शकतो, म्हणून शेवटी वर कॅप बसली.

काकांची खालची कवळी अजून खडखडते. तिच्याखाली ते चिकटवण्याची पावडर लावतात आणि पोथीतला एखादा जोडाक्षरी शब्द आला की जरा थांबून मग म्हणतात. नातीला डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले आहे. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने काकांनीच लिहून ठेवली आहे.