वण घालवायचा, पण कोणता?

नवरात्र जवळ आलं की आमच्या टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाचे बांबू उभे राहतात आणि घराघरांतल्या मुली आरशासमोर उभ्या राहतात. "बाई, हा गालावरचा डाग नऊ दिवसांत जाईल का हो?" शिकवणीच्या मुली दरवर्षी विचारतात. हळद-साय, लिंबू, बटाट्याचा रस, मेडिकलमधली ट्यूब, सगळं करून झालेलं असतं. मैत्रिणींनो, गंमत अशी की ज्याला आपण सरसकट डाग म्हणतो, ती निरनिराळी दुखणी असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

मुरुम बसल्यावर जो काळपट ठिपका राहतो, तो मुळी वणच नाही. तो नुसता रंग. काही महिन्यांत तो आपोआप फिका होतो, फक्त उन्हापासून जपायला हवं. खड्डा मात्र वेगळा. तिथे कातडीखालचा आधारच गेलेला असतो, त्यामुळे कुठलंही क्रीम तो भरून काढत नाही. त्वचारोगतज्ज्ञ बारीक सुयांनी, लेसरने, किंवा खड्ड्याला खाली ओढून धरणारे धागे सुईने मोकळे करून तो उथळ करतात. त्याला अनेक खेपा लागतात, आणि खड्डा कमी होतो, पुसला जात नाही. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर जोरकस लेसर किंवा पील झालं तर नवेच काळे डाग उमटतात. तेव्हा हे काम ब्यूटी पार्लरचं नव्हे.

मेडिकलमधल्या त्या ट्यूबबद्दलही सांगते. गोरं करणाऱ्या पुष्कळ मिश्र क्रीमांत स्टिरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, लव वाढते, मुरुम दुप्पट. २०१८ पासून अशी क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असा नियम आहे, पण मागणाऱ्या आपणच असतो ना! आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लिहून दिल्या असतील, तर त्या काळात आणि बंद केल्यावरही निदान महिनाभर दिवस राहता कामा नयेत. पोटातल्या बाळाला त्यानं गंभीर व्यंग येऊ शकतं.

आता उंचावलेले वण. यात दोन जाती. एक जखमेच्या हद्दीतच राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा बसतो. दुसरा हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो. त्याचं नाव कीलॉईड, खेकड्याच्या नांगीला जो ग्रीक शब्द आहे त्यावरून पडलेलं. कानाची पाळी, छाती, खांदा या त्याच्या आवडत्या जागा. गोऱ्या लोकांपेक्षा सावळ्या-काळ्या कातडीत तो जास्त होतो, आणि घराण्यातही असतो.

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या मुलीनं कॉलेजात असताना कानाला दुसरं भोक पाडून घेतलं. तिथे वाटाण्याएवढी गाठ आली. एका डॉक्टरांनी ती कापली आणि घरी पाठवलं, पुढे काही नाही. आठ महिन्यांत ती बोराएवढी होऊन परत आली. तेवढ्यात लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. जाऊबाईंचा एकच धोशा, "लग्नाआधी हे कापून टाकू. आणि नाकही टोचून घेऊ, नथीशिवाय कसली नवरी?"

दोघींबरोबर त्वचेच्या डॉक्टरांकडे मीच गेले होते. त्यांनी समजावलं, की कीलॉईड नुसता कापला तर बहुतेक वेळा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. कापायचाच तर पुढे इंजेक्शनं, कानाला दाबून बसणारी खास कुडी किंवा किरणोपचार हवेत, आणि वर्ष-दीड वर्ष लक्ष ठेवायला हवं. दोन महिन्यांत होणारं हे काम नव्हे. तूर्त दर चार आठवड्यांनी गाठीतच स्टिरॉइडचं इंजेक्शन. (क्रीममधलं स्टिरॉइड वाईट आणि हे चांगलं कसं, असं जाऊबाईंनी लगेच विचारलं. इथे डॉक्टर मोजून, गाठीपुरतंच देतात आणि गाठ पातळ करणं हाच हेतू असतो.) आणि नाक? अजिबात टोचायचं नाही.

घरी आल्यावर रडारड झाली. "सासरचे काय म्हणतील?" हा खरा प्रश्न होता, गाठीचा नव्हता. पुतणीनंच होणाऱ्या सासूबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दुखतं का गं?" ती म्हणाली, "खाज येते." लग्नात तिनं चापाची नथ घातली. तोवर तीन इंजेक्शनं झाली होती. गाठ मऊ पडली होती, खाज थांबली होती, पण गाठ होतीच.

काही वणांना हातही लावायचा नसतो. माझ्या सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लशीची मोठी वर्तुळं आहेत. भारतातली पहिली देवीची लस १८०२ साली मुंबईतच तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली, आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. आमच्या पिढीच्या दंडावर आहे तो बीसीजीचा.

स्वयंपाकघरातला चटका मात्र अंगावर काढू नका. भाजल्याबरोबर नळाच्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, शाई, काही नको. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेचा वण बहुधा उंचावतो. मान, कोपर, बोटाचा सांधा असेल तर तो आकसून अवयव ओढून धरतो. भरलेल्या वणावर सिलिकॉनची पट्टी, घट्ट बसणारे दाबाचे कपडे आणि रोजचा व्यायाम यांनी बराच फरक पडतो. मान वळेनाशी झाली तर शस्त्रक्रिया लागते. त्यासाठी आपल्याला लांब जायला नको, ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

पुतणीची इंजेक्शनं अजून चालू आहेत, आता सासूबाईंबरोबर जाते. तिच्या धाकट्या बहिणीला कानाच्या वरच्या कुर्चेत बाळी हवी आहे. एकाच घराण्यातली ती, आणि मोठ्या वयात टोचलेल्या कानांना धोका जास्त. जाऊबाई नाही म्हणतात. ती म्हणते, "काकू, तू सांग ना आईला." मी तिला ताईचा कान जवळून बघून यायला सांगितलंय.