आजीचा दम

आमच्या आजीनं आयुष्यात एकदाही विडी ओढली नाही. तरीही तिचा रिपोर्ट बघून बेंगळुरूच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तंबाखूशी काही संबंध?" आजी हसली. आम्ही निपाणीचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निपाणी बेळगाव जिल्ह्यात आहे, बोली मराठी आणि पाट्या कन्नड. गावाची ओळख मात्र तंबाखू. १९८१ साली शरद जोशींचं मोठं आंदोलन इथेच झालं, तंबाखूच्या भावासाठी. शेतकऱ्यांबद्दल बरंच लिहिलं गेलं, वखारीतल्या बायकांबद्दल कमी. युगांतर नावाच्या गटानं त्या बायकांवर ऐंशीच्या दशकात एक माहितीपट केला, तेवढा अपवाद. आजी अशाच एका वखारीत कित्येक वर्षं तंबाखू चाळायला जायची. नाकातोंडाला पदर बांधायचा, दिवसभर ती भुकटी उडत राहायची, आणि संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवायची. म्हणजे दिवसा धूळ, रात्री धूर. खोकला वखारीतल्या सगळ्याच बायकांना असायचा, त्यामुळे तो आजार आहे असं कुणाला वाटलंच नाही.

तिला झालाय सीओपीडी. घरात आम्ही "दमा"च म्हणतो, पण दमा वेगळा. दम्यात आकसलेल्या श्वासनलिका औषधानं बऱ्याच मोकळ्या होतात, सीओपीडीत त्या पूर्वीसारख्या होत नाहीत. हा फक्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, असा आपला समज असतो. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता, आणि या आजाराच्या भारात तंबाखूपेक्षा हवेच्या प्रदूषणाचा वाटा मोठा होता. त्या प्रदूषणात चुलीचा धूरही येतो. किती आज्या असतील यात!

आजी बेंगळुरूला आमच्याकडे राहायला आली तेव्हा आंघोळ करून साडी नेसेपर्यंत दोनदा खाली बसायची. बाबांनी मग तिची हालचालच बंद करून टाकली. पाण्याचा तांब्या उशाशी, टीव्हीचा रिमोट हाताशी, जेवणाचं ताट पलंगावर. "आई, तू उठू नकोस." यात प्रेमच होतं. पण दोन-तीन महिन्यांत आजीला पलंगापासून बाथरूमपर्यंत जायलाही धाप लागायला लागली.

हे असं का होतं, ते फिजिओथेरपिस्टनं समजावलं. धाप लागते म्हणून माणूस हलत नाही. हलत नाही म्हणून मांड्यांचे, दंडांचे स्नायू वाळतात. वाळलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त प्राणवायू लागतो, म्हणजे आणखी लवकर धाप. माणूस मग आणखी कमी हलतो. व्यायामानं फुप्फुसं पुन्हा नवी होत नाहीत, हे त्यानं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. सुधारतात ते पाय. तेच अंतर चालायला मग कमी श्वास पुरतो.

फिजिओ म्हैसूरकडचा तरुण मुलगा, आजीला "अज्जी" म्हणणारा. त्याला मराठी येत नाही, पण निपाणीच्या बाईला कन्नडची काय अडचण? पहिला धडा श्वास सोडण्याचा होता. "उसिरु बिडी, अज्जी, निधानवागी बिडी." श्वास सोडा, हळूहळू सोडा. कन्नडमध्ये बिडी म्हणजे सोडा. आजीला हसता हसता ठसका लागला. "जन्मभर बिडीच्या गावात काढली, आन् हे पोरगं सकाळी सकाळी मला पुन्हा बिडी-बिडी करतंय!" त्या बिचाऱ्याला विनोद कळेपर्यंत मला दोनदा भाषांतर करावं लागलं.

सोडण्यावर एवढा जोर का, तर आत हवा जात नाही हा या आजारातला मुख्य त्रास नाहीच. आधीची हवा पूर्ण बाहेर पडत नाही, हा आहे. सिल्क बोर्डला भरलेली बीएमटीसीची बस डोळ्यांसमोर आणा. आतले उतरल्याशिवाय खालचे चढणार कुठे? म्हणून नाकानं दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून चार अंकांपर्यंत सोडायचा. ओठ आवळल्यामुळे श्वासनलिका जरा जास्त वेळ उघड्या राहतात. आजी सुरुवातीला जोरात फुंकायची, चुलीत फुंकणी घातल्यासारखी. फिजिओनं मग समई समोर ठेवायला सांगितली. ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये.

दुसरा नियम, जोर लावताना श्वास सोडायचा. खुर्चीतून उठताना, पायरी चढताना, बादली उचलताना. आपण नेमके तेव्हाच श्वास धरून ठेवतो, करून बघा. आणि वेणी घालताना, दोरीवर कपडे टाकताना आजीला सगळ्यात जास्त दम का लागायचा, तेही कळलं. हात वर गेले की श्वासाला मदत करणारे छातीचे नि मानेचे स्नायू त्या कामात अडकतात. आता ती टेबलावर कोपरं टेकून वेणी घालते.

चालण्याआधी फिजिओनं सहा मिनिटांची चाचणी घेतली. सरळ व्हरांड्यात सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, थांबलात तरी घड्याळ चालूच. आजी १८० मीटर चालली, दोनदा थांबून. मग आठवड्यातून तीन दिवस वर्ग आणि बाकीचे दिवस आमच्या अपार्टमेंटचा कॉरिडॉर. धाप शून्य ते दहा अशी मोजायची, तीन-चारच्या आसपास ठेवायची. आजीला आकडे आवडत नाहीत. तिचं माप सोपं आहे, चालता चालता शेजारणीची एक चुगली पूर्ण सांगता आली की वेग बरोबर. खुर्चीतून दहादा उठबस आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दंडांचे व्यायाम. आठ आठवड्यांनी ती २३५ मीटर चालली. फुंकायच्या मशीनवरचा आकडा होता तिथेच होता.

या काळात नातेवाइकांचे सल्ले भरपूर आले. फुगे फुगवा, कपालभाती करा. फिजिओनं तिला जोरात, भरभर श्वासाचे प्रकार करायला मनाई केली आहे, त्यामुळे मी ते मेसेज तिच्यापर्यंत पोचूच देत नाही. तुमच्या घरी कुणी असं असेल तर आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा, चालण्याआधी पंप घ्यायचा का ते विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळसर दिसले तर व्यायाम तिथल्या तिथे बंद आणि डॉक्टरांकडे. खरं भांडण झालं ते अगरबत्तीवरून. धूर नको म्हटल्यावर आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी फुलं आणि निरांजन यावर तह झाला.

डिसेंबरात सर्दी झाली आणि तिसऱ्या दिवशी आजी हॉस्पिटलात. पाच दिवस प्राणवायू लावला होता. घरी आली ती पुन्हा पलंगापासून बाथरूमपर्यंतच. तीन महिन्यांची कमाई एका सर्दीत गेली. मी बाटल्या काढल्या तर म्हणाली, "आता कशाला गं? किती दिस राहिल्यात?" मला उत्तर सुचलं नाही. बाबा तर तांब्या पुन्हा उशाशी ठेवून मोकळे झाले होते.

फिजिओनं फार समजूत काढली नाही. दवाखान्यातून आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच हा व्यायाम सगळ्यात उपयोगी पडतो, एवढं सांगितलं आणि म्हणाला, आज चालायचं नाही, पलंगावरून पाच वेळा उठायचं. आजीनं तीनदा उठून दाखवलं, त्याच्यावर उपकार केल्यासारखं. दुसऱ्या दिवशी चारदा. जानेवारीच्या शेवटी ती कॉरिडॉरच्या टोकाच्या तुळशीपर्यंत गेली. तिथे तिच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. दम लागला की त्यावर पुढे झुकून, कोपरं मांडीवर टेकून बसते.

२३५ अजून परत आलेले नाहीत. कदाचित येणारही नाहीत, डॉक्टरांनी तशी कल्पना दिली आहे. पण परवा बाबांनी पाणी आणून दिलं तर तिनं तांब्या त्यांच्याच हातात परत दिला. "ठेव तिकडं. घेते की मी उठून."

पुढच्या महिन्यात पुन्हा सहा मिनिटांची चाचणी आहे. आजीनं त्यासाठी नवी चप्पल मागितली आहे, मागे पट्टा असलेली. जुनी चालताना सटकते म्हणे, आणि तेवढ्यात दहा-बारा मीटर वाया जातात.