सौम्य सिगारची बाजू

ज्याला सोसत नाही त्यानं ओढायची ती सौम्य सिगार, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. ते मी कमावलेलं नव्हतं, गावाकडून आलेलं होतं. आमचं घर निपाणीच्या बाजूचं. तिथं तंबाखूची परीक्षा एकच, कडक आहे का? चिमूट धरल्यावर डोक्याला झिणझिण्या आल्या नाहीत तर लोक दुकानदारालाच सुनावतात. हे माप बरोबर घेऊन मी अमेरिकेत आलो आणि विमा कंपन्यांतल्या संगणकाच्या कामामुळे नेमका कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डला राहिलो. तंबाखूच्या एका मुलखातून निघून दुसऱ्या मुलखात पोचलो म्हणायचं.

इथून विमानतळाकडे जाताना विंडसरच्या आसपास तंबाखूची लांबच लांब लाकडी कोठारं लागतात. वारा खेळावा म्हणून त्यांच्या भिंतींच्या फळ्या उघडता येतात. याच विंडसरमध्ये 1900 साली सुमात्राच्या बियाण्याची तंबाखू कापडाच्या मांडवाखाली लावून पाहिली गेली. कापडातून ऊन गाळून येतं, खाली हवा दमट राहते आणि पान पातळ, बारीक शिरांचं, फिकट होतं. सिगारवर सगळ्यात बाहेरून गुंडाळायला हेच पान लागतं. त्याला शेड रॅपर म्हणतात. आमच्याकडे विडीची तंबाखू उघड्या उन्हात वाळवतात. इथं पानाला थेट ऊन लागू नये म्हणून शेतभर मांडव घालतात. हे बघूनही मला कधी वाटलं नाही की एवढी उस्तवार फिकेपणासाठी कोण करेल?

दुकानात माझा हात काळ्या सिगारकडेच जायचा. काळी म्हणजे कडक, हा सरळ हिशेब. तो लागत नाही. काळा रंग येतो तो बहुतेक वेळा पान जास्त काळ आंबवल्यामुळे, आणि असं पान अनेकदा गोडसरच लागतं. कडकपणा ठरतो तो आत काय भरलंय त्यावर. झाडाच्या शेंड्याकडचं, सगळ्यात जास्त ऊन खाल्लेलं जाड पान म्हणजे लिगेरो. ते सावकाश जळतं आणि डोक्यात जातं. मधलं सेको सुवासाला, तळाचं व्होलादो नीट पेटत राहायला. म्हणून सौम्य सिगार हवी असेल तर रंग बघत बसू नका, लिगेरो किती आहे ते विचारा.

माझं मत बदललं ते मात्र पेटीपायी. पहिला ह्युमिडॉर, म्हणजे सिगारींची ओल टिकवणारी पेटी, मी शोभेसाठीच घेतला होता. चकचकीत लाकूड, आतून स्पॅनिश सीडर (नाव सीडर, पण झाड महोगनीच्या कुळातलं, आपला कडुनिंबही त्याच कुळातला) आणि झाकणावर पितळी कडीत बसवलेला काट्याचा आर्द्रतामापक. काटा कायम 70 टक्क्यांवर. हिवाळ्यात घरात हीटर चालू झाला की हवा इतकी सुकते की ओठ फुटतात, तरी काटा 70वरच. मला त्याचं कौतुक वाटायचं.

एकदा पाहुण्यासाठी म्हणून त्यात मॅकान्युडो या शेड रॅपरच्या थोड्या सौम्य सिगारी ठेवल्या. महिन्याभरानं त्यातली एक सहज उचलली, बोटांत हलकेच दाबली तर कुरकुर आवाज आला. टोक कापताना रॅपरला उभी चीर गेली. पेटवल्यावर पहिल्याच झुरक्याला जिभेवर गरम, कडवट वाफ आली. त्याच पेटीतल्या काळ्या सिगारी मात्र मी खुशाल ओढत होतो. त्याही सुकल्याच होत्या, पण तिखट रश्शात मीठ कमी पडलेलं कळत नाही, तसं झालं होतं.

मग मापकाची मिठाची परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, पाण्याच्या थेंबांनी ओल्या वाळूइतपत भिजवायचं आणि मापकासकट हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. पिशवीतली हवा 75 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सकाळी पाहिलं तर आमचा काटा 70वरच!

आता माझ्या सिगारी रबरी कडेच्या साध्या प्लास्टिकच्या डब्यात असतात. तळाला सीडरच्या पट्ट्या, एक डिजिटल मापक आणि 65 टक्क्यांचं पाकीट. ते हवा सुकली तर ओल सोडतं, दमटली तर शोषून घेतं. लाकडी पेटी हवीच असेल तर ती आधी मुरवावी लागते. 84 टक्क्यांची पाकिटं घालून दोन आठवडे बंद ठेवायची, नाहीतर कोरडं लाकूड सिगारींचीच ओल पितं. या डब्यातली शेड रॅपरची सिगार सायीसारखी लागते, मागाहून भाजल्या दाण्यांची चव येते. मॅकान्युडो झाली, ॲश्टन क्लासिक झाली. सौम्य सिगार नवख्यांची, असं म्हणतात. मला तर ती नीट सांभाळणाऱ्यांची वाटते, कारण ठेवण्यातली हयगय ती झाकत नाही.

सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असा मात्र अर्थ काढू नका. सौम्यपणा चवीचा आणि निकोटिनचा. कॅन्सर त्याला विचारून येत नाही. मी क्वचित ओढतो, धूर गिळत नाही आणि ज्याला सवय नाही त्याला आग्रह करत नाही.

पुण्या-मुंबईत कुणी पहिला डबा लावत असेल तर त्यानं आर्द्रतेइतकीच उष्णतेची काळजी घ्यावी. पारा 25 अंशांच्या वर राहिला की पानातली तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटतात आणि रॅपरला टाचणीएवढी भोकं पडतात. वखारीतल्या तंबाखूला आणि घरातल्या हळकुंडांना लागते तीच ही कीड. पावसाळ्यातली ओल पाकीट सांभाळेल, पण उन्हाळा सांभाळणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत एसीची खोली नसेल तर सिगारी साठवू नका, लागेल तशी एकेक आणा.