चुडाव्याच्या हाजींची फिल्म

हजसाठी पैसा साठवणे आमच्या घरांना नवीन नाही. कापसाच्या पट्टीतून थोडे बाजूला ठेवायचे, दुधाचे पैसे वेगळे गाठीला बांधायचे, बायकांनी भिशी लावायची आणि मुलींची लग्ने उरकली की मग फॉर्म भरायचा. एकेका जोडप्याची पंधरा-वीस वर्षे यात जातात. पण हजला जाऊन आलेल्यांच्या आठवणींची फिल्म काढायची आणि तिच्यासाठी गावाने वर्गणी करायची, हे आम्ही चुडावेकर पहिल्यांदाच करत आहोत. काम अजून पुरे झालेले नाही. तरीही त्याची हकीकत सांगाविशी वाटते, कारण आम्हाला जे प्रश्न पडले ते उद्या तुमच्याही वस्तीत पडतील.

चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचे गाव. हा मार्ग निजामाच्या राजवटीतला, पूर्वी मीटरगेज होता. या रुळांवरून सतत कोणी ना कोणी यात्रेला निघालेले असते. नांदेडच्या हुजूर साहिबला जाणारे शीख भाविक, परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उर्साला निघालेली कुटुंबे, आषाढीचे वारकरी, सगळे याच मार्गाने जातात. आमचे जुने हाजीही येथूनच निघत. निघण्याआधी घरोघर जाऊन माफी मागायची, कोणाचे देणे असेल ते फेडायचे. मग सारी वस्ती स्टेशनवर पोचवायला जाई. परभणी, मनमाड करत मुंबई, तिथे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग जेद्दाहचे जहाज. मुंबईहून हाजींना नेणारी जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. त्यानंतरचे आमचे सगळे हाजी विमानाने गेले.

शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एकदा मुलांना घरातल्या हाजींविषयी लिहायला सांगितले. बहुतेकांनी विमान, हॉटेल आणि मोबाइलवरचे फोटो एवढेच लिहिले. एका मुलीने मात्र लिहिले की तिची परदादी जहाजाच्या डेकवर स्वतःची वळकटी पसरून झोपायची, आणि यलमलमच्या जवळ जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा सगळ्यांनी एहराम बांधले. वर्गात कोणाचा विश्वास बसेना. समुद्रमार्गे जाणाऱ्या हिंदी हाजींचे मीकात यलमलम, हे मुलांनी पुस्तकात वाचले होते. पण मीकात येते तेव्हा भोंगा वाजतो, रडू फुटते, हे पुस्तकात नव्हते.

आम्ही यादी केली. चुडावा आणि आजूबाजूची गावे मिळून जहाजाने हज केलेले पाच जण हयात होते. सगळ्यांत लहान माणसाचे वय पंचाहत्तरच्या पुढे. पूर्णेला लग्नाचे शूटिंग करणारा आमचाच एक माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, कॅमेरा माझा, मेहनत माझी. जाण्यायेण्याचा आणि एडिटिंगचा खर्च तेवढा गावाने करावा." त्याला मुंबईचा मुसाफिरखाना आणि बंदरही चित्रित करायचे होते. अशी फिल्मची गोष्ट सुरू झाली.

सुरुवातीलाच एक सोपी वाट समोर आली. गावातले एक कुटुंब आखाती देशात कमावते. त्यांनी सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. त्यांची इच्छा एवढीच की फिल्म त्यांच्या मरहूम वडिलांच्या हजपासून सुरू व्हावी आणि आरंभी त्यांचे नाव यावे. यात वाईट काही नव्हते. मुलगा बापाच्या नावाने काही करू पाहतो, त्याला दोष कसा द्यायचा? तरीही जुम्यानंतर बसून विचार झाला आणि बहुतेकांचे मत पडले की फिल्म सगळ्यांची असेल तर पैसाही सगळ्यांचा हवा. त्यांना आम्ही सांगितले की इतरांइतकीच वर्गणी द्या. ते नाराज झाले, पण त्यांनी वर्गणी दिली.

लोकांच्या चिल्लर पैशातून फिल्म होते का, अशी शंका तेव्हा अनेकांना होती. होते, याचे दाखले आपल्या देशात आहेत. १९७६ चा श्याम बेनेगल यांचा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. आपली फिल्म म्हणून शेतकरी ट्रक भरभरून ती पाहायला गेले. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या 'ओडेसा' गटाने गावोगाव फिल्म दाखवत लोकांकडून पैसे गोळा केले आणि १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' पुरा केला. आपल्या मालेगावात तर यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी शेख नासिर यांच्यासोबत हौसेने फिल्मी केल्या आणि जगाने त्यांची दखल घेतली.

यात्रेच्या फिल्मही नव्या नाहीत. १९२८ मध्ये जॉर्ज क्रुगर्स यांनी आजच्या इंडोनेशियातून जहाजाने निघालेल्या हाजींसोबत जाऊन मक्केचा मूकपट केला. पण तो देश तेव्हा डचांच्या ताब्यात होता आणि मूकपट पहिल्यांदा दाखवला गेला तो हॉलंडमध्ये. आमच्या शेजारचे वारकरी काका हे ऐकून म्हणाले, "आमच्या वारीची फिल्म पण जर्मनीच्या माणसानं केली होती." ते खरे आहे. खंडोबाचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी वारीवर माहितीपट केला होता. बाहेरच्या अभ्यासकांचे ऋण आहेच. पण आपल्या म्हाताऱ्यांना आपणच विचारले, तर ते आणखी काही सांगतील, असे आम्हाला वाटले. काकांनी न मागता शंभराची नोट काढून दिली.

खरी चर्चा झाली ती दीनच्या बाजूने. कोणता पैसा घ्यायचा आणि कोणता नाही? इमामसाहेबांनी स्पष्ट सांगितले की जकातीचा एक पैसाही याला लागणार नाही. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत आणि हनफी मस्लकात जकात हक्कदाराच्या मालकीत द्यावी लागते. फिल्म काही कोणी गरजवंत नव्हे. म्हणून फक्त खुशीची वर्गणी घ्यायची, कोणाला भीड घालायची नाही आणि जमाखर्च दर जुम्याला मशिदीच्या फळ्यावर लिहायचा, असे ठरले.

एका बुजुर्गांचा आक्षेप वेगळा होता. हज ही इबादत आहे, तिचा तमाशा कशाला? कॅमेऱ्यापुढे सांगितलेल्या हजमध्ये दिखावा येतो. हा आक्षेप आम्ही बाजूला सारला नाही. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांचा फक्त आवाज घ्यायचा आणि कोणाच्या नावामागे मोठमोठ्या पदव्या लावायच्या नाहीत, हे त्यांच्यामुळेच ठरले. दुसरा आक्षेप बायकांनी घेतला. एका मुलीची नर्सिंगची फी अडली आहे, आधी ती भरा. ते सगळ्यांना पटले. पहिल्या महिन्यात जमलेले पैसे देणाऱ्यांना विचारून फीसाठी दिले आणि फिल्मची वर्गणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली.

या सगळ्यात सहा महिने गेले आणि त्या सहा महिन्यांत यादीतले दोन हाजी अल्लाहला प्यारे झाले. त्यांतले एक निजामाच्या रुबातमध्ये राहिले होते. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या हाजींसाठी मक्केत मोफत मुक्कामाची ही सोय. मराठवाडा संस्थानात होता, म्हणून आपल्या जिल्ह्यांनाही तिचा लाभ. तिथल्या दिवसांविषयी ते फार रंगून बोलत. ते आता कोण सांगणार? लोक आम्हाला विचारतात की त्या कुटुंबाचा पैसा घेतला असता तर हे दोघे फिल्ममध्ये आले नसते का? आले असते. हे नुकसान भरून येणारे नाही. पण उरलेल्या तिघांच्या गोष्टीत जे आले, तेही त्या पैशातून आले नसते, असे आम्हाला वाटते.

वर्गणी मागायला दारोदार गेलो, तेव्हा लोकांनी नुसते पैसे दिले नाहीत. दहा रुपये देणाऱ्याने दहा मिनिटे बसवून घेतले. कोणी झाळून आणलेला जमजमचा डबा दाखवला, आता रिकामा. कोणी वडिलांनी मुंबईहून टाकलेले पोस्टकार्ड काढले. एका खालाने वीस रुपये हातावर ठेवले. तिने आणि तिच्या नवऱ्याने बारा वर्षे हजचे पैसे साठवले होते. ते मुलाच्या आजारपणात गेले. नंतर नवराही गेला. ती म्हणाली, "बेटा, मेरा नाम नक्को लिखो. पन जो जा नै सके, उनकी बी बात रखो."

तिच्या या एका वाक्याने फिल्म बदलली. हज फर्ज आहे ती ऐपत असलेल्यावरच, हे आम्ही वर्गात शिकवतो. पण ऐपत नसलेल्याच्या मनात काय चालते, हे आम्ही कधी विचारले नव्हते. आज हज कमिटीमार्फत जायचे तरी माणशी तीन लाखांच्या पुढे खर्च येतो. २०१८ पासून सबसिडी नाही. जेवढे जाऊन आले त्याहून कितीतरी जास्त लोक मनात कधीचे निघालेले आहेत. आता फिल्मचा एक तृतीयांश भाग त्यांचा आहे. एकाच घराने पैसे दिले असते तर आम्ही त्या खालाच्या दारात गेलोच नसतो.

तिन्ही हाजींचे बोलणे चित्रित झाले आहे. मुंबईचे काम आणि एडिटिंग बाकी आहे. पैसे अजून कमी पडतात, सोयाबीनची पट्टी आली की पुन्हा फिरायचे आहे. फिल्म तयार झाली की पहिला खेळ तिकीट न लावता गावातच होईल, इन्शाअल्लाह, आणि शेजारच्या वारकरी काकांना पुढच्या ओळीत बसवायचे ठरले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याकडे कॅमेरा नसेल, फिल्मची ताकद नसेल, तरी हातात मोबाइल आहे. घरात जहाजाने गेलेले कोणी असेल तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. ज्यांचे जायचे राहून गेले, त्यांनाही विचारा. अल्लाह जाऊन आलेल्यांची हज कबूल करो आणि ज्यांच्या मनात ओढ आहे त्यांना आपल्या घरी बोलावो. आमीन.