वाटणी

वडील गेले तेव्हा वालुरात दबक्या आवाजात एकच बोलणे होते : "माळकरी म्हणं! लिव्हर काय उगंच सडतंय?" वडिलांनी दारूच्या थेंबाला कधी शिवले नव्हते. आईने ते मुकाट्याने ऐकले. आणि खरे सांगायचे तर, मीही मनातून थोडा कचरलोच.

गेल्या महिन्यात माझ्याच यकृतावर चरबी निघाली. डॉक्टरांनी दारूबरोबर घराण्याचीही चौकशी केली. पीएनपीएलए-३ नावाच्या जनुकातला एक फरक ही चरबी साचू देतो, हे २००८ साली उजेडात आले. तो आईकडून येतो, बापाकडूनही येतो. "पण त्याला बळ देतात ते साखर, बैठे काम आणि वाढते पोट," डॉक्टर म्हणाले.

गावी गेलो, तो आमच्या चक्राकार बारवेच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तीही वाडवडिलांचीच. गाळाने भरली होती. गावाने श्रमदानाने उपसली. वारसा नाकारता येत नाही, गाळ काढता येतो.

घरी आईला सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांच्या माघारी का होईना, कळलं बाबा."

तिने चहा आणला. तो बिनसाखरेचा होता.